असोद्याच्या बसमधली पाट्यांची जागा

या अंकाच्या संपादक बाईंनी माझं पहिलं पान पाहिलं आणि म्हणाल्या, "आबा, तुम्ही तोंडी सांगा, आमचा माणूस नीट लिहून घेईल." मी म्हटलं, नको. माझी शाळा चौथीत संपली, तीही सोनगीरच्या मास्तरांनी वैतागून पास केलं म्हणून. पण पुढे नोकरीभर मी याच अक्षरात गाडीच्या कागदावर लिहिलं, ‘ब्रेक डावीकडे ओढतो’, ‘समोरची काच वाजते’, आणि मेकॅनिकला ते बरोबर कळलं. वाचणाऱ्यालाही कळेल. नाही कळलं तर दोनदा वाचावं.

मी लाल गाडीवर ड्रायव्हर होतो. निम्मी नोकरी धुळ्याला, निम्मी जळगावला. लोकांना वाटतं ड्रायव्हरला रस्ते माहीत असतात. रस्ता दोन दिवसांत कोणालाही पाठ होतो. ड्रायव्हरला माणसं पाठ असावी लागतात. कोण कुठे हात करणार, कोण हात करून पुन्हा बिडी पेटवत बसणार, कोण दारातच भांडण काढणार. पहूरला एक नाना होते. सकाळच्या गाडीला एक पाय आत, एक पाय रस्त्यावर ठेवून उभे राहायचे. "थांबा दादा, मंडळी येताहेत." मंडळी म्हणजे त्यांची बायको. ती लांबून दिसायची, सावकाश, देवळात चालल्यासारखी. कंडक्टर घंटी मारून दमायचा. एकदा मी चिडून विचारलं, "नाना, त्या घरून थोड्या लवकर का निघत नाहीत?"

"कशाला निघतील?" नाना म्हणाले. "मी गाडी धरून ठेवतो हे त्यांना माहीत आहे."

आता एक कबुली. आमच्या जुन्या गाड्या एकदा बंद केल्या की सेल्फ घ्यायच्या नाहीत. प्रवाशांना उतरवून धक्का मारायला लावावा लागे. शिव्या खायच्या नसतील तर स्टँडवरसुद्धा इंजिन चालू ठेवायचं. अर्धा अर्धा तास गाडी जागेवर उभी, आणि मागे काळा लोट. स्टँडच्या भिंतीजवळचा लिंब मी कधी हिरवा पाहिला नाही. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. धूर येतोय म्हणजे गाडी जिवंत आहे, एवढीच आमची समज.

म्हणून निवृत्तीनंतर जेव्हा एक इंजिनिअर मुलगी नकाशाची गुंडाळी घेऊन जळगावच्या घरी आली आणि म्हणाली, "शहरात गाड्यांचा धूर फार झालाय, तो कमी करायला सिटी बसची आखणी करतोय, तुमची मदत हवी," तेव्हा मला हसू आलं. मी म्हटलं, "मॅडम, धूर करण्यात माझा हात मोठा आहे. कमी करायचं मला काय विचारता?"

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि अहिराणीत म्हणाली, "म्हणीसन तं तुमनाकडे उनू, आबा."

म्हणूनच तर तुमच्याकडे आले, असं. धुळ्याची निघाली. नाव दीपाली. मी चपला घातल्या.

कार्यालयात मोठ्या टेबलावर नकाशा पसरला होता. मी उलट्या बाजूला बसलो, हे माझ्या लक्षात आलं नाही. शहराशेजारचं असोदा गाव म्हणून मी ठामपणे बोट ठेवलं ते पार दुसऱ्या बाजूच्या धरणगावावर.  दीपालीने नकाशाच फिरवला. मी म्हटलं, "हां, आता बरोबर छापलाय."

काम काय होतं ते सांगतो. बस सुरू केली म्हणजे धूर कमी झाला, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. तसं नाही. रस्त्यावर आधीच्या गाड्या आहेत तशाच राहिल्या, तर बस ही त्यांच्यात आणखी एक. ती रिकामी पळाली तर धुरात भरच. रिक्षातला माणूस उठून बसमध्ये बसला पाहिजे, आणि ती रिक्षा त्या फेरीला निघालीच नाही पाहिजे. म्हणजे सगळं काम माणसाला एका गाडीतून उठवून दुसरीत बसवण्याचं. हे नकाशावर होत नाही.

पहिल्यांदा एकच रस्ता घ्यायचा ठरला. मोठ्या साहेबांना कॉलेजचा रस्ता हवा होता. दीपालीने असोद्याचा धरला, कारण त्या रस्त्यावर डिझेल रिक्षा फार, आणि त्या शहरात शिरतात त्या चौकात सकाळी समोरचं दिसत नाही. साहेब म्हणाले, "ठीक आहे. जुन्या दोन गाड्या देतो, तीन महिने. भरल्या तर रस्ता कायम, विजेवरच्या नव्या गाड्या आल्या की आधी इथेच. नाही भरल्या तर असोदा बंद. भरतील का?"

बाकीचे म्हणाले अभ्यास करावा लागेल. मी म्हणालो, "एका महिन्यात गाडी भरली नाही तर मी या कार्यालयाची पायरी चढणार नाही."

दीपालीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी तेच पुन्हा, जरा मोठ्याने म्हणालो.

पंधरा दिवस गाडी रिकामी पळाली. अगदी रिकामी म्हणणं बरोबर नाही. ड्रायव्हर होता, भागवत नावाचा कंडक्टर होता आणि पुढच्या सीटवर मी होतो. एक दिवस एक म्हातारा चढला. भागवत आनंदाने तिकीट घेऊन धावला. म्हातारा म्हणाला, "जायचं नाही मले. आतून कशी आहे पाह्यत होतो," आणि उतरून गेला.

आमच्या पुढे रिक्षा, मागे रिक्षा. रिक्षातून बायका, पाट्या, गोण्या, आणि त्यांच्यामागे काळा ढग. त्यात आमची जुनी गाडी स्वतःचा ढग घालत होती. चौकात खांबावर हवा मोजायचं यंत्र बसवलं होतं. दीपाली रोज त्याचे आकडे बघायची. एक दिवस मी विचारलं, "काय म्हणतंय?"

"आपली बस सुरू झाल्यापासून जरा जास्तच वाईट."

"यंत्र बिघडलं असेल."

"आबा, यंत्र नवीन आहे. गाडी जुनी आहे."

मग मी एका पहाटे थेट असोद्याच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. वीसेक बायका बसलेल्या. शेजारी पाट्या. मेथी, गवार, आणि आमच्या खान्देशच्या भरताची ती मोठी हिरवी वांगी, ओल्या फडक्यात झाकलेली. आमची गाडी आली. दार उघडलं. एकही बाई उठली नाही. गाडी गेली. मागून रिक्षा आली, तर चौघी लगबगीने उठल्या.

मी म्हटलं, "काय हो, ही गाडी खास तुमच्यासाठी लावलीये. बसत का नाही?"

सगळ्यांनी एका बाईकडे पाहिलं. माझ्याच वयाची असेल. कपाळावर गोंदण, आवाज खणखणीत. तिला सगळे सुभद्राक्का म्हणत होते. ती मला निरखून बघत होती.

"तू तोच डायवर नं रे?" ती म्हणाली. "पाटी उतरवणारा?"

"कोणती पाटी?"

"माही. वांग्याची. सीटजवळ ठेवली होती मी. तू खाली उतरून आला अन् म्हणे, टपावर टाक नही तं उतर. टपावर वांगं सोलपटते, डाग पडला की भरताले कोणी हात लावत नही. मी म्हटलं, मांडीवर घेते. तू म्हणे, नियम आहे. पाटी रस्त्यावर ठेवली अन् गाडी घेऊन गेला. माही नणंद गाडीतच राह्यली, मी खाली."

बायका हसल्या. मी म्हटलं, "नियम होताच."

"मंग आता कायले आला? नियम घरी ठेवून आला का?"

पुन्हा हसल्या. एक तरणी बाई म्हणाली, "अक्का तवापासून लाल गाडीत बसली नही. आमच्या सासूलेबी बसू देत नही." आणि ती खरं सांगत होती. सुभद्राक्का सगळ्यांच्या आधी बाजारात जाते, सगळ्यांसाठी भाजी मांडायचा ओटा धरते. ती ज्या गाडीत बसेल त्या गाडीत गाव बसतं.

मी तिथून निघालो तो रागातच. एक गोष्ट मात्र टोचत होती. मला ते आठवतच नव्हतं. मी चालवलेल्या गाड्यांचे नंबर आजही सांगेन. कोणत्या गाडीचा दुसरा गियर अडायचा ते सांगेन. पण ही बाई, ती पाटी, तो दिवस, काही म्हणता काही आठवेना. कारण असं मी रोजच करत होतो.

घरी बायकोला सांगितलं. वाटलं, ती म्हणेल गावच्या बायका खोडील असतात. ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "माझीपण उतरवली होती."

"तुझी?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. सोनगीरच्या थांब्यावर. माझ्याच माहेरचा हरभरा होता. जमलेल्या बठ्ठ्या लोकांसमोर तुम्ही म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा."

"तू कधी बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी ऐकायला थांबले?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी चौकात जाऊन बसलो. मोजायचं ठरवलं होतं. लिहीत बसलो तर गाडी निघून जाते, म्हणून माझी जुनी पद्धत काढली. डाव्या खिशात भुईमुगाच्या शेंगा. पाटी दिसली की एक शेंग उजव्या खिशात. सूर्य डोक्यावर यायच्या आधी उजवा खिसा फाटायला आला. आणि एक गोष्ट ध्यानात आली. ज्या रिक्षात एरवी सात-आठ माणसं कोंबतात, त्यात सकाळी तीन-चारच बाया असायच्या. बाकी जागेवर पाट्या. म्हणजे तेवढ्याच बायांसाठी दुप्पट रिक्षा. धूर बायांमुळे नव्हता, पाट्यांमुळे होता.

मी तसाच कार्यालयात गेलो आणि दीपालीच्या टेबलावर खिसा रिकामा केला. तिला वाटलं मी खाऊ आणला. एक शेंग सोलून खाल्लीसुद्धा.

"मॅडम, ती पाटी होती," मी म्हणालो.

सगळं सांगितलं. तिने पाहणीचा फॉर्म काढला. माणसांसाठी रकाना होता, वाहनांसाठी होता, पुरुष-बाई होतं, वय होतं. पाटीला रकाना नव्हता. तिने कपाळाला हात लावला. "आबा, माझी आजी धुळ्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची. आणि मी हा फॉर्म बनवला."

मी म्हटलं, "आणि मी त्या पाट्या उतरवल्या. चला, साहेबांकडे."

साहेबांसमोर मी सरळ मागणी ठेवली. गाडीतल्या मागच्या सीटा काढा, पाट्यांना जागा करा, आणि पहिली गाडी बाजार भरायच्या आधी सोडा.

साहेब हसले. "गाडी भरत नाही म्हणून तुम्ही सीटा काढायला सांगताय? लोक म्हणतात जास्त सीटा द्या."

"साहेब, माणूस उभा राहतो. पाटी उभी राहत नाही. तिला बसायलाच लागतं."

"पण गाडीत माणसं कमी मावतील."

"आता किती मावताहेत? मी आणि भागवत."

दीपालीने खाली पाहिलं. हसू दाबत होती हे मला कळलं. मग तिने हिशेब मांडला. एक बस भरली तर किती रिक्षांची फेरी वाचते, ते तिने कागदावर चौकटी काढून दाखवलं. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "तुमच्या महिन्यातले दहा दिवस राहिलेत, आबा. परवानगीचा कागद दोन दिवसांत करून देतो. उरलेल्या दिवसांत जे काय व्हायचं ते होऊ द्या."

वर्कशॉपमध्ये मी स्वतः उभा राहिलो. मागच्या सीटांचे बोल्ट इतके गंजलेले, की मेकॅनिक म्हणाला, "आबा, या तुमच्याच काळातल्या दिसतात." सीटा निघाल्या. खाली रबर टाकलं, कडेला लाकडी पट्टी मारली म्हणजे ब्रेक मारला की पाटी पुढे सरकणार नाही. वर एक दांडी, पिशव्या अडकवायला. आणि ड्रायव्हरला मी बजावलं, थांब्यावर इंजिन बंद करायचं. तो म्हणाला, "सुरू नाही झाली तर?" मी म्हटलं, "बॅटरी नवीन टाकलीये. तरी नाही झाली तर मी धक्का मारेन."

त्या सकाळी असोद्याच्या थांब्यावर गाडी लागली. इंजिन बंद. एवढी शांतता, की फडक्यावरून पाणी ठिबकल्याचं ऐकू येत होतं. मी मागचं दार उघडून जागा दाखवली. बायकांनी माना लांब करून पाहिलं. उठली एकही नाही. सगळ्यांचे डोळे सुभद्राक्कावर. तिचे डोळे रस्त्यावर, रिक्षा येते का बघत.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात प्रवाशाचं सामान उचललं नव्हतं. अंगावर खाकी होती तेव्हा ते कमीपणाचं वाटे. आणि माफी मागायची तर माझ्या जिभेला सवय नाही. लांबून रिक्षाचा आवाज यायला लागला. ती आली की संपलं. दीपालीचा रस्ता गेला, माझा शब्द गेला, आणि ह्या बायका पुन्हा त्या काळ्या ढगात.

मी सुभद्राक्काच्या समोर गेलो, खाली वाकलो आणि तिची वांग्याची पाटी उचलली. जड होती. पाठीत कळ आली. वांग्याच्या देठांना काटे असतात हे मी विसरलो होतो, ते मनगटात घुसले.

"हळू!" ती ओरडली. "देठं मोडशीन!"

"नाही मोडत."

"खालून धर. अशी नही. कधी पाटी उचलली का रे तू?"

"नाही. फक्त उतरवली."

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं. मग पदर खोचला, पाटीची दुसरी बाजू धरली आणि आम्ही दोघांनी ती नेऊन रबरावर ठेवली. तिने पट्टी हलवून पाहिली. फडकं नीट केलं. मग सरळ पुढे जाऊन ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली, म्हणाली, "इथून दिसते मले. कोणाची पाटी उतरवली तं पाह्य."

मागे एकदम गलका झाला. वीस बायका, त्यांच्या पाट्या, मेथीचा वास, "माही आधी", "तुही नंतर". रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्याने दोनदा हॉर्न दिला आणि रिकामीच निघून गेली. भागवतची तिकिटं फाडता फाडता तारांबळ. पुढच्या थांब्यावर इस्त्रीच्या शर्टातले एक बँकेतले साहेब चढले. त्यांना वांग्याचा काटा टोचला.

"ही काय बस आहे की भाजीबाजार?"

सुभद्राक्का पुढूनच म्हणाली, "बाजार पुढं आहे भाऊ. ही त्याचीच गाडी. बसा, घरी न्यायले वांगं देते."

त्यांनी वांगं घेतलं की नाही ते मी पाहिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते होते, त्याच्याही दुसऱ्या दिवशी होते, आणि मोटारसायकल घरी ठेवून आलो म्हणून त्यांनी मला स्वतःहून सांगितलं.

माझा महिना संपला त्या दिवशी गाडीत मला बसायला जागा नव्हती. मी दांडी धरून उभा होतो आणि भागवतला सांगत होतो की माझं तिकीट फाड, आज मलाही मोजणीत धर. सगळं गोड झालं असं नाही. काही रिक्षावाले माझ्यावर खार खाऊन आहेत, आणि त्यांचंही पोट आहे. काही जणांना नव्या गाड्यांवर घ्या म्हणून मी साहेबांच्या मागे लागलोय, दोघांना घेतलं, बाकीच्यांसाठी भांडतोय. चौकातली हवा आता कशी, ते यंत्राला विचारा. मी एवढंच सांगतो, की पहाटे समोरच्या दुकानाची पाटी मला चष्म्याशिवाय वाचता येते, आणि मला वाचायला एरवीही वेळच लागतो.

तीन महिन्यांनी साहेबांनी असोद्याचा रस्ता कायम केला. विजेच्या गाड्या आल्या. त्या सगळ्या सीटांनी भरलेल्या, चकचकीत. कारखान्याचा माणूस म्हणाला, मागची जागा मोकळी ठेवता येणार नाही. दीपालीने त्याच्यासमोर नवा फॉर्म ठेवला. त्यात पाटीचा रकाना होता. पुढचं मी बोललो. काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. जागा मोकळी झाली.

नव्या गाडीच्या पहिल्या फेरीला मी सुभद्राक्काच्या शेजारी बसलो. गाडी निघाली हे खिडकीबाहेरचं झाड हललं म्हणून कळलं. धूर नाही, आवाज नाही.  मी म्हटलं, "अक्का, एक सांगू का? तो दिवस मला खरंच आठवत नाही. लई प्रयत्न केला."

ती बाहेर बघत होती.

"मले आठवते नं," ती म्हणाली. "दोघांतून एकाले आठवलं तरी पुरे. आता त्या भागवतले सांग, मागची खिडकी लाव म्हणा. वारं लागून राह्यलं वांग्याले."

मी उठलो आणि खिडकी लावून आलो.